छापखान्यातली कंबरदुखी आणि एर्गोनॉमिक्सचे नियम

२३ बाय ३६ इंच मापाच्या, ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदाच्या एका रिमचं वजन किती भरतं? एक शीट साधारण ३७ ग्रॅमची, म्हणजे पाचशे शीटची रीम जवळपास पावणेएकोणीस किलोची. तोच आकार १३० जीएसएम आर्ट पेपरमध्ये घेतला तर पावणेपस्तीस किलोच्या घरात. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे, महापे, तुर्भ्याच्या एमआयडीसीत कुठल्याही ऑफसेट प्रेसच्या गाळ्यात गेलात, तर हे वजन कुणीतरी हातांनी उचलत असतं. बहुतेक वेळा तो हेल्पर असतो आणि त्याच्या हुद्द्याला साजेल असा त्याचा आवाजही बारीक असतो.

एकदा उचलून भागत नाही, ही यातली खरी गोम. दहा हजार शीटचा एक साधा जॉब धरा. ७० जीएसएमचा असला तरी ३७४ किलो कागद झाला. टेम्पोतून उतरवताना एकदा, फीडरवर, म्हणजे मशीनला कागद पुरवणाऱ्या भागावर, भरताना एकदा, एक बाजू छापून झाली की पलटी करून पुन्हा फीडरवर, मग कटिंगला, तिथून फोल्डिंगला. पाच वेळा हात लागला तर एका जॉबमागे पावणेदोन टनांहून जास्त कागद माणसांच्या अंगावरून जातो. दिवाळी अंकांचे दिवस, त्यामागोमाग कॅलेंडर, निवडणुका आल्या तर पत्रकं, उन्हाळ्यात वह्या-पुस्तकं. असे जॉब एकाला एक लागून येतात आणि माणसं तीच असतात.

एर्गोनॉमिक्स म्हणजे याच गोष्टीचा हिशोब: काम, यंत्र आणि जागा माणसाच्या अंगाला झेपेल अशी बसवणं. महागड्या खुर्च्यांच्या जाहिरातींमुळे हा विषय कंप्युटरवर बसणाऱ्यांचा आहे, असा समज झाला आहे. खरं तर उभ्याने, वाकून, वजन उचलून काम करणाऱ्यांना त्याची गरज कितीतरी जास्त आहे.

आधी अंगात काय होतं ते पाहू. मशीनमध्ये बोट सापडलं तर तो अपघात. दिवस, वेळ, साक्षीदार, सगळं सांगता येतं. कंबर, खांदा, मनगट यांचं दुखणं तसं येत नाही. प्रत्येक उचलीबरोबर स्नायूंना, त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना आणि मणक्यांमधल्या चकत्यांना थोडा ताण बसतो. पुरेशी विश्रांती मिळाली तर शरीर तो भरून काढतं. ताण जास्त आणि सवड कमी असं महिनोन्‌महिने चाललं की झीज भरून निघत नाही. मनगटात तर एका अरुंद बोगद्यातून कंडरा आणि एक मज्जातंतू एकत्र जातात. कंडरा सुजल्या की मज्जातंतू चेपला जातो, बोटांना मुंग्या येतात आणि रात्री हात झटकत उठावं लागतं. हे कुठल्या दिवशी सुरू झालं, ते कुणालाच सांगता येत नाही. कायद्यापुढची सगळी अडचण इथून सुरू होते.

किती वजन चालेल, या प्रश्नाचं एक शास्त्रीय उत्तर आहे. ‘नायॉश’ या अमेरिकी कामगार-आरोग्य संशोधन संस्थेचं १९९१ साली सुधारलेलं समीकरण आज जगभर वापरलं जातं. ते २३ किलोपासून सुरू होतं. सगळं अनुकूल असेल, म्हणजे ओझं अंगालगत, पकड घट्ट, हात फार खाली नाहीत की वर नाहीत, अंग वळवायचं नाही आणि उचलही अधूनमधूनच, तर बहुतेक निरोगी माणसांना दोन्ही हातांनी इतकं झेपावं. परिस्थिती बिघडेल तसा हा आकडा खाली आणत जायचं.

आता आपली रीम या समीकरणात घालू. कागद ५८ सेंटीमीटर रुंद आहे. पोटाला टेकवून धरला तरी त्याचा मध्य घोट्यांपासून अर्धा मीटर पुढे राहतो. समीकरणाला हवं असतं २५ सेंटीमीटर. अंतर दुप्पट झालं की मर्यादा निम्मी, म्हणजे साडेअकरा किलो. भरलेली बादली अंगाजवळ धरून चालणं आणि तीच हात लांब करून धरणं यात जो फरक आहे, तोच हा. पुढे, थप्पी जमिनीवरच्या पॅलेटवर (माल ठेवायच्या लाकडी पाटावर) आहे, हात जातात जमिनीपासून जेमतेम १५ सेंटीमीटरवर: मर्यादा ९.४ किलो. तिथून ९० सेंटीमीटर उंच टेबलावर न्यायची: ८.३. गाळ्यात जागा नाही म्हणून उचलताना कमरेतून ४५ अंश वळावं लागतं: ७.१. दिवसातून किती वेळा उचलायचं, हे तर अजून मोजलेलंच नाही. ते धरलं की आकडा आणखी उतरतो.

म्हणजे झेपेल असं वजन सात किलो आणि हातात रीम पावणेएकोणीस किलोची. अडीच पटींहून जास्त.

हेच गणित उलटं चालवलं की उपायही दिसतो. पॅलेट ७५ सेंटीमीटर उंचीवर आणा, तिची तोंडं अशी फिरवा की वळावं लागणार नाही, टेबल शेजारीच ठेवा. मर्यादा परत साडेअकरा किलोवर येते. पूर्ण रीम अजूनही जड आहे, पण अर्धी, सव्वानऊ किलोच्या आसपासची, बसते. म्हणून ‘अर्धी अर्धी उचला’ हा सल्ला एकटा दिला तर तो अपुरा आहे; जमिनीवरून उचललेली अर्धी रीमसुद्धा मर्यादेबाहेरच राहते. उंची आधी सुधारायची, मग रीम फोडायची.

कटिंग मशीनपाशी थोडं थांबू, कारण माझ्या मते प्रेसमधली सगळ्यात कठीण जागा तीच आहे. रबाळ्याच्या एका गाळ्यात एका काकांचं काम मी बराच वेळ बघत उभा होतो. थप्पीच्या दोन कोपऱ्यांना अंगठे लावून ते शीट वाकवतात, मधे हवा खेळवतात, कडा टेबलावर आपटून एका रेषेत आणतात. हे जॉगिंग. कागद चिमटीत धरावा लागतो आणि चिमटीच्या पकडीत अंगठ्याच्या मुळाशी येणारा ताण पूर्ण मुठीपेक्षा कितीतरी जास्त असतो. मग थप्पी मागच्या गेजला, म्हणजे माप धरणाऱ्या पट्टीला, भिडवण्यासाठी हात लांब करून आत ढकलायची, कट मारायचा, बाहेर ओढून पाव वळण द्यायचं, पुन्हा आत. चार बाजू म्हणजे चार वेळा. कट मारताना दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची असतात. बोटं वाचवण्यासाठीची ही सोय अतिशय गरजेची आहे, तिला कधीही हात लावू नये. पण तिने बोटं वाचतात, खांदे वाचत नाहीत. काकांना विचारलं, तर म्हणाले, “हात रात्री बधिर होतो. सकाळी गरम पाण्यात धरला की मशीन चालवण्यापुरता सुटतो.” डॉक्टरांकडे गेला होतात का, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. सीझन संपला की जाणार होते.

त्यांच्या मशीनला हवेचं टेबल होतं. टेबलावर बारीक गोळ्या बसवलेल्या असतात. थप्पीच्या वजनाने त्या दबल्या की खालून हवा येते आणि चाळीस किलोचा कागदही दोन बोटांनी सरकतो. ब्लोअर मात्र बंद होता. बिघडला होता आणि दुरुस्ती राहून गेली होती. मशीनची धार गेली असती तर एक दिवसही कुणी थांबलं नसतं.

बाइंडिंगकडे बघितलं की चित्र वेगळं दिसतं. गॅदरिंग (छापलेल्या घड्या क्रमाने लावणं), चिकटवणं, हाताने घडी घालणं, लग्नपत्रिकांना दोरे-गोंडे लावणं, हे बहुतांश बायकांकडे असतं आणि अनेक ठिकाणी मोबदला नगावर, शेकड्याच्या हिशोबाने. जमिनीवर मांडी घालून किंवा बुटक्या स्टुलावर, मान खाली, मनगट वाकलेलं, तीच हालचाल हजारो वेळा. इथे वजन जवळजवळ शून्य आहे. वजनावर उभ्या असलेल्या कायद्याला म्हणूनच हे काम दिसतच नाही. शिवाय नगावर मोबदला असला की थांबणं म्हणजे पैसे सोडणं, त्यामुळे ‘मधेमधे विश्रांती घ्या’ असं सांगणं फार सोपं आणि पाळणं फार महाग. कंप्युटरवर मजकूर जुळवणाऱ्या डीटीपीवाल्यांची मान आणि माऊसचा खांदा हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत आणून, लॅपटॉपला वेगळा कीबोर्ड जोडून त्याचा बराच भाग सुटतो.

कायदा काय म्हणत आला? १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३४ नुसार, इजा होण्याचा संभव आहे इतकं जड ओझं कुणालाही उचलायला, वाहायला किंवा हलवायला लावता येत नव्हतं. कमाल वजनं ठरवण्याचा अधिकार राज्यांना होता आणि प्रौढ पुरुषासाठी ही मर्यादा पन्नास-पंचावन्न किलोच्या आसपास ठेवली गेली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीतही ५५ किलोच आहेत. त्या काळी गोदीत आणि गोदामांत शंभर किलोची पोती पाठीवर वाहिली जात, त्या मानाने हे मोठं पाऊल होतं. पण आपल्या रिमशी हा आकडा ताडून बघा. पंचावन्न किलोच्या कायद्यात पावणेएकोणीस किलोची रीम आरामात बसते. किती वेळा, किती खालून, किती लांबून, याबद्दल तो आकडा काहीच विचारत नाही.

त्याच कायद्याचं कलम ४४ फारसं कुणी वाचलं नाही. उभ्याने काम करावं लागणाऱ्या कामगारांना, कामात सवड मिळेल तेव्हा टेकता यावं, म्हणून बसायची सोय द्या, असं ते सांगत होतं. मशीनमनच्या शेजारी एक स्टूल, इतकी साधी गोष्ट. ‘बसला की काम करत नाही’ ही समजूत मात्र त्या कलमापेक्षा बलवान ठरली.

छपाईचा आणि कामगार-आरोग्याचा एक जुना धागा इथे सांगायला हवा. शिशाचे खिळे जुळवण्याच्या काळात छापखान्यात शिशाची विषबाधा होत असे. ती रक्तात सापडते, तिचं नाव एका धातूशी जोडता येतं. म्हणून कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सरकारला कळवायलाच हव्या अशा रोगांच्या यादीत, शिशाची बाधा आली. खिळे गेले, ऑफसेट आलं, शिसं संपलं. कंबर तेव्हाही दुखत होती आणि आजही दुखते, पण कामामुळे आलेली कंबरदुखी त्या यादीत कधी आली नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या आणि कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली. इजा किंवा व्यवसायजन्य रोग होईल अशा धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवणं, हे मालकाचं कर्तव्य तिने स्पष्ट लिहिलं आहे आणि ठरावीक वयाच्या वा वर्गाच्या कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी मोफत केली आहे. बसायच्या सोयीची तरतूदही आहे. दुसरीकडे, विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येसाठी आधीच्या केंद्रीय कायद्यात दहा कामगार पुरत होते, आता वीस लागतात. आपल्याकडचे किती छापखाने वीसच्या आत आहेत, हे गाळ्यांच्या रांगेतून चालत गेलं तरी कळतं. दहा किंवा अधिक कामगार असतील तर मालकाची मूळ कर्तव्यं राहतातच. पण आठ माणसांच्या प्रेसला कायद्याचा हात पोचणं कठीण, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट अवस्था तिथलीच आहे.

वजनापलीकडे जाऊन नियम करण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला आणि छपाई उद्योगाने त्याला काय उत्तर दिलं, हे आपल्या मालकांनीही समजून घ्यावं असं आहे. १९९० मध्ये तिथल्या कामगारमंत्री एलिझाबेथ डोल यांनी या विषयावर नियम आणण्याची घोषणा केली. प्रत्यक्ष नियम यायला दहा वर्षं लागली. ‘ओशा’ या सुरक्षा यंत्रणेने १४ नोव्हेंबर २००० ला तो जाहीर केला, १६ जानेवारी २००१ ला तो अमलात आला. ढोबळ रूप असं: एखाद्या कामगाराला कामामुळे स्नायू-सांध्यांचं दुखणं झालं आणि त्याच्या कामात वारंवारता, जोर, अवघड स्थिती यांपैकी घटक ठरलेल्या पातळीवर आढळले, की मालकाने त्या कामाची तपासणी करून सुधारणा करायची. दुखणेकऱ्याला हलकं काम दिलं तर पूर्ण पगार, घरी बसवलं तर नव्वद दिवसांपर्यंत ९० टक्के. ओशाचा अंदाज होता की उद्योगांना वर्षाला साडेचार अब्ज डॉलर खर्च येईल आणि ९.१ अब्ज डॉलरचा फायदा होईल. मालक संघटनांचे खर्चाचे आकडे याच्या कितीतरी पट होते.

विरोध करणाऱ्यांत छपाई व्यावसायिकांची संघटना, ‘प्रिंटिंग इंडस्ट्रीज ऑफ अमेरिका’, होती. तिथलेही बहुतेक छापखाने लहान, घरचे. मालकांच्या आक्षेपांत तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. एकाच माणसाच्या दुखण्याने सगळी कारवाई सुरू व्हावी का? ते दुखणं घरी बागकाम करताना आलेलं नाही, हे कसं ठरवायचं? राज्यांच्या नुकसानभरपाईत साधारण दोनतृतीयांश पगार मिळत असताना इथे ९० टक्के कसे? बारा माणसांच्या प्रेसने हे कागदपत्र कुणाकडून भरून घ्यायचे? हे प्रश्न खरे आहेत आणि आपल्याकडे असा नियम आला तर तेच विचारले जातील. ‘शास्त्र अजून पक्कं नाही’ हा त्यांचा आक्षेप मात्र मला पटत नाही. नायॉशने १९९७ मध्ये शेकडो अभ्यास तपासले होते, राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा अहवाल जानेवारी २००१ मध्ये आला, आणि दोघांनीही कामाचा आणि या दुखण्यांचा संबंध मान्य केला.

नियम टिकला नाही. सिनेटने ५६ विरुद्ध ४४, प्रतिनिधिगृहाने २२३ विरुद्ध २०६ मतांनी तो फेटाळला आणि २० मार्च २००१ ला अध्यक्ष बुश यांनी सही केली. ज्या कायद्याने तो रद्द झाला, त्यात तसाच नियम संसदेच्या नव्या परवानगीशिवाय पुन्हा आणता येत नाही अशी अट आहे. त्यामुळे तिथे आजही देशव्यापी एर्गोनॉमिक्स नियम नाही. मार्गदर्शिका आहेत, आणि धोकामुक्त जागा देण्याचं सर्वसाधारण कर्तव्य आहे. आपली संहिताही जवळपास तिथेच उभी आहे. कॅलिफोर्नियाने मात्र १९९७ मध्ये छोटा नियम केला होता, तो टिकला: बारा महिन्यांत एकाच प्रकारचं काम करणाऱ्या दोन कामगारांना वारंवार हालचालीमुळे झालेली इजा डॉक्टरने नोंदवली, की सुधारणा करा.

ब्रिटनची वाट मला सगळ्यात व्यवहार्य वाटते. १९९२ च्या तिथल्या नियमांत वजनाची कायदेशीर मर्यादाच नाही. क्रम आहे: उचलणं टाळता येतं का बघा, येत नसेल तर धोका तपासा, मग तो कमी करा. सोबतच्या मार्गदर्शिकेत पुरुषासाठी कमरेच्या उंचीवर अंगालगत २५ किलो, जमिनीपाशी १०, आणि जमिनीपाशी हात लांब करून ५ असे टप्पे आहेत. तेच वजन, जागा बदलली की आकडा बदलतो. बायकांसाठी पहिला आकडा १६.

गंमत अशी की नियमाला विरोध करणाऱ्या उद्योगाने ‘टाळता येतं का’ या प्रश्नाची उत्तरं स्वतःहून शोधली, कारण त्यात वेग होता. भरलेली पॅलेट तशीच्या तशी फीडरमध्ये घेणारी मशीन, अख्खी थप्पी उलटी करणारे पाइल टर्नर, कंप देणारे जॉगर, थप्पी कमी होईल तसं वर येणारं लिफ्ट टेबल. महाप्याच्या मोठ्या प्रेसमध्ये ही यंत्रं दिसतात. तीच थप्पी हेल्परने पन्नास वेळा वाकून पलटवायची की यंत्राने एकदा, यात वेळेचा हिशोब उघड आहे.

लहान गाळ्यात अडतं ते पैशांइतकंच जागेवर. कागद पोटमाळ्यावर, जिना लोखंडी आणि अरुंद, खाली पॅलेट ट्रक वळवायला जागा नाही, फरशी उखडलेली म्हणून ट्रॉलीचं चाक अडतं. इथे सुरुवात करायची असेल तर माझा क्रम असा राहील. रोज लागणारा कागद माळ्यावरून खाली आणा आणि क्वचित लागणारा वर न्या. फरशी नीट करा, त्याशिवाय ट्रॉली घेऊन उपयोग नाही. फीडर आणि कटिंगशेजारी दोन-तीन रिकाम्या पॅलेट एकावर एक रचून त्यांवर भरलेली ठेवा. लिफ्ट टेबल परवडेपर्यंत उंचीचा प्रश्न बराच सुटतो. बंद पडलेला ब्लोअर दुरुस्त करा. उभं राहण्याच्या जागी जाड रबरी मॅट, शेजारी स्टूल. बाइंडिंगला कोपराच्या उंचीचं टेबल आणि पाठ असलेली खुर्ची. कागद विक्रेत्याला जड कागद रिमऐवजी शंभर-दोनशे शीटच्या पाकिटांत मागा. ३०० जीएसएमचं शंभर शीटचं पाकीटही सोळा किलोचं होतं, हे ध्यानात ठेवून. आणि माणसं दिवसभर एकाच जागी न ठेवता दोन तासांनी फिरवा. मात्र कटिंगवरून उठवून रिमा उचलायला पाठवलं तर तो बदल नव्हे, कारण दोन्हींत तेच अंग झिजतं.

सल्ला देणारी माणसं लांब नाहीत. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय सीबीडी बेलापूरलाच आहे, केंद्रीय श्रम संस्था सायनला. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं कार्यालय ठाण्यात आहे.

कामगारांसाठी एक गोष्ट मुद्दाम. ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, कामावरची इजा म्हणून तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ साधारण ९० टक्के मजुरीच्या दराने मिळतो आणि आजारपणाचा लाभ ७० टक्के दराने, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. झिजत आलेलं दुखणं कामावरची इजा म्हणून सिद्ध करणं अवघड असल्यामुळे ते बहुधा आजारपणात जमा होतं. म्हणून रीम उचलताना एखाद्या दिवशी कंबरेत चमक भरली, तर ‘होईल बरी’ म्हणून घरी जाऊ नका. त्याच दिवशी सुपरवायझरला सांगा, अपघात नोंदवहीत लिहून घ्या, आणि दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना नुसती ‘कंबर दुखते’ न सांगता काय उचलताना, किती वाजता आणि कुठे दुखलं तेही केसपेपरवर लिहायला सांगा.